शेळी, कुत्रं, खार आणि अध्यक्ष साहेब

नोकरी मागायला मी साडी नेसून गेले होते आणि त्या माणसाने मला पळायला लावलं.

दुकान अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत. बाहेर पासपोर्ट फोटोचा बोर्ड, आत भिंतीवर एक मोठा टीव्ही आणि काउंटरच्या मागे ते. मी माझी पदवी लॅमिनेट करून नेली होती. पत्रकारिता आणि जनसंवाद, प्रथम श्रेणी, नांदेडच्या कॉलेजातून. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड बघितलेलं नव्हतं. वडील मुदखेडला रेल्वेच्या रुळांवर कामाला, आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला. त्या कागदाचा मला अभिमान होता, आजही आहे, आणि ते मी खाली मान घालून सांगणार नाही. त्यांनी तो कागद पालथा करून बघितला, मागेही काही छापलंय का म्हणून, आणि परत दिला.

“हे राहू दे. पळून दाखव.”

“कुठं?”

“भाईर. पानपट्टीपासून त्या लाइटीच्या डीपीपर्यंत.”

“सर, मी कॅमेऱ्याच्या कामासाठी आलेय.”

“मंग? जिला पळता येत न्हाई तिला पळणारा दिसंल कसा?”

मी निऱ्या मुठीत धरून पळाले. बाजेवर आडवा झालेला एक म्हातारा उठून बसला. पानपट्टीवाल्याने चुना लावता लावता हात थांबवला. परत आले तर हे कॅमेरा पोटाशी धरून दुकानाच्या पायरीवर उभे.

“शेळी,” ते म्हणाले.

माझा चेहरा बघून त्यांनी दुरुस्ती केली. “साडीमुळं शेळी. ड्रेस घातलास तर कुत्रं होशील. उद्यापासून ये.”

गावात त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. कुणी त्यांच्या हाताखाली शिकून मोठं झालं होतं म्हणून नाही. त्यांच्याशी वाद घातला की माणूस शेवटी दमून “बरं उस्ताद” म्हणायचा आणि निघून जायचा, तेच नाव पडलं. मीही उस्तादच म्हणायला लागले, आणि बहुतेक वेळा दमल्यावरच.

शेळी, कुत्रं ही शिवी नव्हती, हे मला आठवडाभरात कळलं. ते त्यांचं माप होतं.

कॅमेऱ्यात शटर असतं. ते दारासारखं समजा. दार उघडतं, उजेड आत येतो, दार लागतं. दार जितकं झटकन उघडून लागेल, तितका पळणारा माणूस जागच्या जागी, स्पष्ट पकडला जातो. रेंगाळत लागलं तर तो तेवढ्यात पुढे सरकतो आणि चित्रात त्याचा फराटा उमटतो. हा वेग सेकंदाच्या भागांत मोजतात. पन्नासावा भाग, पाचशेवा भाग, हजारावा भाग. मी हे पुस्तकात वाचून परीक्षेत लिहून आले होते. उस्तादांना आकडे पटत नसत.

“पाचशे म्हंजे किती पळतंय, ते पाचशेला तरी ठाव हाय का?” ते म्हणायचे. “कुत्रं म्हणलं की डोळ्यांसमोर पळतंय का न्हाई?”

म्हणून त्यांनी एकेक जनावर स्वतः शूट करून माप ठरवलं होतं. पन्नासला म्हैस. अडीचशेला शेळी. पाचशेला कुत्रं, तेही साधं नाही, एसटीच्या मागे लागलेलं. हजारला खार. म्हशीच्या वेळी ते म्हणे दुपारभर तिच्यासमोर कॅमेरा लावून बसले आणि म्हैस हललीच नाही. शेवटी मालक आला आणि म्हणाला, उस्ताद, तिला पण वाटून राहिलंय तुम्ही फोटो काढून राहिलाव म्हणून.

“खारीच्या वर काय?” मी एकदा विचारलं.

“खारीच्या वर पाल. पन पाल भरवशाची न्हाई. कवा पळंल, कवा चिकटून बसंल.”

त्यामुळे आमच्या कामाची भाषा बाहेरच्या माणसाला ऐकवत नसे. कबड्डीच्या सामन्यात, पाहुणे शेजारी बसलेले असताना, उस्ताद मैदानाच्या त्या टोकावरून ओरडायचे, “ग्रॅज्युएट, चढाईला शेळीच ठेव, पन पकड झाली की कुत्रं.” ग्रॅज्युएट म्हणजे मी. हे नाव त्यांनी टोमणा म्हणून ठेवलं होतं. मी ते मान म्हणून घेतलं, त्यामुळे टोमण्याची मजा गेली, पण नाव राहिलं.

मीही गप्प बसणारी नव्हते. “उस्ताद, दुसऱ्या कुठल्या कंपनीत गेले आणि तिथं खार लावा म्हणाले, तर मला वेड्यात काढतील.”

“मंग कामून जातीस?”



लग्नांची कामं आमच्याकडे येत, पण त्यांचा जीव खेळात. कबड्डी, व्हॉलीबॉल, टेनिस बॉलचं क्रिकेट, गावोगावच्या स्पर्धा आता यूट्यूबवर थेट दाखवतात, आणि आमच्या भागात ते काम आमचं. या सगळ्यात त्यांना खो-खो हवा होता. “बाकी समदे खेळ सापडले,” ते म्हणायचे, “खो-खो अजून सापडला न्हाई. पोरगी इथं हाय म्हणून बघावं तर खांबाच्या पल्याड.” लातूरला महिलांची राज्य पातळीवरची खो-खो स्पर्धा भरणार असं ठरलं, तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. तिची फायनल आपल्या कॅमेऱ्याने काढायची. एवढंच. आधी आमच्या तालुक्याच्या सामन्यांचं काम बघू आणि मग ठरवू, असं संयोजन समितीने कळवलं होतं. म्हणजे परीक्षा होती. मी आयुष्यभर परीक्षाच दिलेल्या, मला त्यात काही वाटलं नाही. उस्तादांनी मात्र जेवण कमी केलं.

त्यांचं जेवण तसंही बघण्यासारखं असायचं. जगातलं सगळं पळणारं पकडायला निघालेला हा माणूस स्वतः अहमदपुरात सगळ्यांत सावकाश. भाकरीचा एक घास ते इतका वेळ चावायचे की समोरचा माणूस हात धुऊन, बडीशेप खाऊन परत येऊन बसायचा. रस्ता ओलांडताना दोन्हीकडचे टेम्पो थांबून राहत. विचारलं तर म्हणायचे, “आपुन बी पळालो तर बघायचं कुणी?”

दुसरं म्हणजे पापणी. डोळ्याची पापणी हे पण शटरच, आणि ते आपल्या मनाने लागतं, हे त्यांना मान्य नव्हतं. सामना चालू असताना ते आळीपाळीने डोळे मिटायचे. आधी डावा, मग उजवा. म्हणजे एक डोळा कायम हजर. कबड्डीच्या एका सामन्यात पाहुण्या संघाच्या मॅनेजर बाईंनी याबद्दल माझ्याकडे तक्रार केली. मी त्यांना ते शटरचं सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्ही तरी असं बोलू नका.”

खेळाचं वेड लग्नातही घुसायचं. एका लग्नात त्यांनी ठरवलं की हवेतल्या अक्षता पकडायच्या, एकेक दाणा सुटा दिसला पाहिजे. मी म्हटलं, उस्ताद, मंडपात उजेड कमी आहे, खार लावली तर दार झटकन लागेल आणि सगळं अंधारेल. ते म्हणाले, तांदूळ पांढरा असतोय, दिसतोय. आणि खरंच दिसला. काळ्याकुट्ट पडद्यावर एकेक दाणा, जसं काही आभाळात चांदण्या. नवरीचे मामा दुकानात येऊन ते सगळं शांतपणे बघत बसले. मग म्हणाले, “तांदूळ झकास आलाय उस्ताद. आता पोरगी दाखवा.”

पोरगी नव्हती. म्हणजे होती, पण अंधारात.

ऑटो फोकसवर त्यांचा राग वेगळाच. कॅमेरा आपण होऊन समोरच्या माणसाला स्पष्ट करतो, ती सोय. ते म्हणायचे, “हे लग्नातल्या जावयासारखं हाय. जो म्होरं येऊन नमस्कार करंल त्याच्याकडं बगणार.” यात ते चुकीचे नव्हते, एका क्रिकेट सामन्याचा शेवटचा चेंडू आमच्या कॅमेऱ्यात चहाची किटली घेऊन चाललेल्या माणसाच्या कानामागे, धूसर, कुठंतरी सीमापार गेला होता. किटलीवरचा पोचा मात्र स्पष्ट होता.

तर परीक्षेकडे येते. तिच्या थोडं आधी एक भानगड झाली आणि सगळं तिथून फिरलं.

कबड्डीच्या एका स्पर्धेत शेजारच्या गावच्या पोराने उडी मारून तिघांच्या डोक्यांवरून चढाई पूर्ण केली. उस्तादांनी ती खारीवर पकडली होती. गावकऱ्यांनी व्हिडिओतलं एक चित्र काढून मागितलं आणि चौकात अभिनंदनाचा मोठा बॅनर लावला. चित्र इतकं स्पष्ट की दातांतली फट मोजावी. पोरगा हवेत, पाय खाली लोंबलेले, मान एका बाजूला, जीभ बाहेर. दुसऱ्या दिवशी त्याची आई दुकानात आली. बाई रागावलेली नव्हती, घाबरलेली होती.

“उस्ताद, माझं लेकरू असं टांगल्यासारखं का दावलाव?”

“माय, त्यो उडून राहिलाय.”

“उडून न्हाई राहिला. जागच्या जागीच हाय की. रस्त्यानं जाणारा येणारा इच्यारतोय, काय झालं म्हणून.”

बॅनर उतरवला. उस्ताद दिवसभर टीव्हीसमोर बसून तेच चित्र बघत राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, “बाई बराबर बोलली. मी आजवर पळणाऱ्याला थांबवत आलो. पळ कुठंय यात? पोरगी बी सपष्ट पाहिजे आन पळ बी दिसला पाहिजे.”

“मग कॅमेरा तिच्याबरोबर फिरवायचा,” मी म्हटलं. “शटर सावकाश ठेवायचं आणि तिच्याच वेगाने कॅमेरा न्यायचा. ती स्पष्ट येते, मागचं सगळं वाहून जातं.” हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण त्याहून आधी मुदखेडच्या जंक्शनला बघितलेलं होतं. दोन गाड्या शेजारी शेजारी सारख्या वेगाने निघाल्या की पलीकडच्या खिडकीतली बाई जागेवर बसलेली दिसते, चपातीचा घास मोडताना दिसते, आणि तिच्यापलीकडची झाडं नुसती पुसत जातात. मी त्यांना ते सांगितलं.

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, मान्य झालं. पण मी सांगितलं होतं कॅमेरा फिरवा. त्यांनी ऐकलं गाडी आणा.

परीक्षेच्या दिवशी मैदानावर जाते तर उस्ताद हातगाडीवर मांडी घालून बसलेले. गाडी बाजार समितीतली, पोती वाहायची. ओढायला तिथलेच दोन हमाल, सख्खे भाऊ.

“उस्ताद, हे काय करून राहिलात?”

“मुदखेड,” ते म्हणाले.

थोरला भाऊ कामाचा माणूस होता. त्याने विचारलं, “वजन किती, उस्ताद? पोत्यात सांगा.”

“सव्वा पोतं. क्यामेऱ्यासकट.”

“आन थांबायचं कुठं?”

“ती थांबली की.”

ती म्हणजे वैशाली, अहमदपूरच्या कॉलेजच्या संघाची कॅप्टन. काटक पोरगी, बोलायला तिखट. तिने गाडी बघितली आणि मला विचारलं, “ताई, मला बाद करायला समोरच्या नऊ जणी पुरेशा न्हाईत का?”

मी उस्तादांच्या कॅमेऱ्यात डोकावून बघितलं. शटर पन्नासवर. खो-खोला म्हैस.

“पोरगी खार हाय,” त्यांनी मला समजावलं, “पन मी बी खारच हाय आता. दोघं सारखंच पळालो तर दोघं उभंच की. उभ्याला म्हैस.”

खरं सांगते, यात चूक काढायला मला जागा सापडली नाही.

मैदानाच्या एका लांब बाजूला व्यासपीठ. पांढरी चादर टाकलेले सोफे, गुलाबी फेटे, मधोमध समितीचे अध्यक्ष साहेब. त्यांच्या बरोबर समोरच्या बाजूने गाडीची वाट. शिट्टी झाली, वैशाली पळायला लागली, आणि भाऊ पळायला लागले. पहिल्या खांबापर्यंत सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं झालं. मग वैशालीने हुलकावणी दिली आणि वळली. माणूस वळतो. हातगाडी वळत नाही. ती सरळ जाऊन पिण्याच्या पाण्याच्या टाकीला भिडली.

भावांनी गाडी फिरवली. पण आता त्यांच्या अंगात आलं होतं. लोकांनी शिट्ट्या सुरू केल्या, आणि धाकटा थोरल्याला म्हणाला, “दादा, पोरगी फुडं चालली.” तिथून ते कॅमेऱ्यासाठी नाही, जिंकण्यासाठी पळाले. उस्ताद गाडीवर आळीपाळीने डोळे मिटत बसलेले, आणि “बराबर चला, बराबर चला,” एवढंच म्हणताहेत. पंचांनी दोनदा सामना थांबवून गाडी रेषेच्या मागे घ्यायला लावली. वैशालीने डाव संपल्यावर येऊन सांगितलं, “शेवटी शेवटी मी पाठलागवालीला न्हाई, गाडीला भ्यायले होते.”

पण त्या दोन खांबांच्या मधलं जे मिळालं होतं, ते मी आयुष्यात विसरणार नाही. वैशालीच्या कपाळावरचा घाम दिसत होता. वेणी मागे आडवी उभी राहिलेली. ओठ घट्ट. आणि तिच्यामागचं सगळं जग नुसत्या रेघा, वाहून चाललेल्या. पहिल्यांदा ती स्पष्टही दिसत होती आणि पळतही होती.

समितीने ते दुकानातल्या टीव्हीवर बघितलं. अध्यक्ष साहेब खुर्चीत, सचिव शेजारी, मी चहा ठेवून बाजूला उभी. साहेबांनी सगळं शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाले, “मी कुठंय यात?”

उस्ताद उठले, टीव्हीजवळ गेले आणि बोट ठेवलं. “हे की. ह्यो पांढरा पट्टा.”

“हा मी?”

“हाव. हे वरचं गुलाबी म्हंजे फेटा.”

“आन शेजारचा पट्टा?”

उस्तादांनी वाकून बघितलं. “हे तहसीलदार साहेब असतील. न्हाईतर सोफा.”

सचिवांनी घसा साफ केला. “सत्कार झाला तेव्हाचं काही?”

“तवा गाडी टाकीजवळ व्हती.”

साहेब वाईट माणूस नव्हते. ते आवाज न चढवता म्हणाले, “उस्ताद, लातूरचा कार्यक्रम माझी आई घरी बसून बघणार हाय. तिला सांगू का, ह्यो पट्टा तुझा लेक हाय म्हणून?” मग चहा संपवला आणि निकाल दिला. मैदानाचं काम बाहेरची टीम करणार. उस्तादांनी व्यासपीठ सांभाळायचं. तीनही दिवस. “तुम्हाला आम्ही दिसत न्हाई ना? मग आता आम्हालाच बगा. पोटभर.”

ते गेल्यावर मला वाटलं, उस्ताद नकार देतील. मी तर देणार होते. पदवी घेऊन सोफ्यावरच्या माणसांचं चित्रण करायला मी शिकले नव्हते, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. उस्ताद लेन्स पुसत होते.

“ग्रॅज्युएट, बसलेल्या माणसाला काय लावावं?”

“म्हैस,” मी रागाने म्हटलं.

“न्हाई. म्हैस कवा उठंल ते म्हशीला ठाव असतंय. बसलेला माणूस कवा उठंल, सांगता येत न्हाई.” त्यांनी लेन्सवर फुंकर मारली. “खार लावू.”

लातूरच्या मैदानावर तीन दिवस ते खेळाकडे पाठ करून उभे राहिले. कॅमेरा व्यासपीठाकडे म्हटल्यावर पाठ मैदानाकडेच येणार. मागे पोरी पळताहेत, खो दिल्याचा आवाज येतोय, लोक उसळताहेत, आणि हा माणूस मान वळवत नाही. ज्या खेळासाठी त्याने जेवण कमी केलं, तो खेळ त्याच्यापासून दहा पावलांवर चाललेला. मी दोनदा म्हटलं, उस्ताद, मी कॅमेरा धरते, तुम्ही बघून घ्या. ते म्हणाले, “माझी ड्युटी साहेबावर हाय.”

पहिल्या दिवशी शाली, श्रीफळं, भाषणं. उन्हं स्वच्छ होती, त्यामुळे खारीवरही सगळं उजळ येत होतं. एका पाहुण्यांची जांभई आम्ही अशी पकडली की पडजीभ दिसावी. दुसऱ्या दिवशी दुपारी उस्ताद एकदम हळू आवाजात बोलायला लागले.

“आता डावीकडं गेली.”

“कोण?”

“पळणारी. साहेबांचं बुबूळ बघ.”

मी मागे बघितलं. पळणारी डावीकडे होती.

“आता वळली. आता खो दिला. आता पडली कुनीतरी, सचिवांनी दात चावले.”

मी मैदानाकडे बघत होते आणि ते साहेबांच्या तोंडाकडे, आणि आम्ही एकच सामना बघत होतो. नंतर नंतर तर ते माझ्या आधी सांगायला लागले, कारण मी गर्दीतून वाट काढून बघत होते आणि त्यांच्यासमोर कुणी नव्हतं.

फायनलला लातूर जिल्ह्याचा संघ पोचला. वैशाली त्यात होती. शेवटचा डाव लातूरच्या पाठलागाचा, घड्याळ संपत आलेलं, आणि समोर एकच पोरगी, ती बाद झाली तर बरोबरी आणि नाही झाली तर हार. वैशालीला खांबाजवळ खो मिळाला. तिने खांबाला धरून अंग झोकून दिलं. माझ्या शेजारी उस्ताद मैदानाकडे पाठ करून, कॅमेऱ्याला डोळा लावून उभे. शिट्टी झाली. वैशालीचा हात त्या पोरीच्या पाठीपासून वीतभर मागे राहिला होता.

आम्ही हरलो. उस्तादांनी कॅमेरा बंद केला, झाकण लावलं आणि मग पहिल्यांदा वळून मैदान बघितलं. तिथे दुसऱ्या संघाच्या पोरी नाचत होत्या.

समितीने आमच्या चित्रणातले सत्काराचे तुकडे घेतले आणि बाकीचं तुम्हीच ठेवा म्हणाले. बाहेरच्या टीमने मैदानाचं काम चांगलं केलं होतं. मी बघितलं, स्वच्छ, नेटकं, कुठे बोट ठेवायला जागा नाही. वैशालीने खांबापासून मारलेला तो शेवटचा सूर त्यातही आहे, पण वैशाली पडते आणि कॅमेरा लगेच जिंकणाऱ्यांकडे जातो. जाणारच. तो जिंकणाऱ्यांचा असतो.

पुढच्या आठवड्यात वैशाली आणि संघातल्या आणखी तिघी दुकानात आल्या. त्यांना वाटलं, आमच्याकडे काही वेगळं असेल.

“आमच्याकडं निस्ते साहेब हायत,” उस्ताद म्हणाले.

“लावा साहेब,” वैशाली म्हणाली. “तेवढंच हसू.”

लावलं. पडद्यावर सोफा, फेटे, मधे अध्यक्ष साहेब. पोरी आधी हसल्या. कुणाची मिशी, कुणाची जांभई. मग एक जण म्हणाली, “थांब, हे मी हाय.”

“कुठं?”

“हे साहेबांनी मान आखडली ना, तवा मला खो मिळाला आन मी चौकातून उठले. दुसरा डाव. त्यांच्या पायाशी ती पाण्याची बाटली आडवी पडलीय, तीच वेळ.”

मग बाकीच्या पुढे सरकल्या. त्यांना एकेक पळ सापडायला लागला. साहेबांचे डोळे नागमोडी फिरले की बसलेल्यांच्या मधून साखळी पळणारी ती दुसरी पोरगी. सचिवांनी मांडीवर थाप मारली की पहिला बाद. एका म्हाताऱ्या पाहुण्याने शेजाऱ्याचा हात धरला, तेव्हा कोण पळत होतं यावर दोघींचं भांडण झालं. लातूरचा माणूस लातूरच्याच पोरींकडे बघणार, त्यामुळे त्या सगळ्या चेहऱ्यांवर दुसरा संघ जवळजवळ नव्हताच. ती सगळी फायनल यांचीच होती.

उस्ताद काउंटरला टेकून उभे होते. दोन्ही डोळे उघडे.

शेवट आला. साहेब सोफ्याच्या कडेवर. मग त्यांचं अंग उठलं. मांडीवरचा नारळ सुटला, शाल खांद्यावरून घसरली, तोंड उघडलं.

“हितं थांबवा,” वैशाली म्हणाली.

उस्तादांनी थांबवलं. खारीवर काढलेलं, त्यामुळे सगळं स्वच्छ. नारळ हवेत. शालीचा प्रत्येक गोंडा सुटा. साहेबांची पाठ सोफ्यापासून वर आलेली, गुडघे अजून सरळ झालेले नाहीत.

“यानंतर काय हाय?” तिने विचारलं.

“बसतेत,” उस्ताद म्हणाले.

“मंग फुडं नका नेऊ.” ती टीव्हीच्या अगदी जवळ गेली. “हितं मी अजून हवेत हाय. हितपर्यंत आपुन हरलो न्हाई.”

पोरी बराच वेळ साहेबांकडे बघत बसल्या आणि मग एसटीची वेळ झाली म्हणून उठल्या.

त्या गेल्यावर मी रिमोट घेतला तर उस्तादांनी हातानेच नको म्हटलं. ते चित्र तसंच राहिलं. त्या दिवशीही, आणि पुढे कितीतरी दिवस. दुकान उघडलं की ते आधी तेच लावायचे. पासपोर्ट फोटोला येणारी माणसं खुर्चीत बसून केस विंचरता विंचरता टीव्हीकडे बघायची आणि त्यांना ते कोडं पडायचं. एकदा एका गृहस्थाला राहवलं नाही.

“उस्ताद, हे अध्यक्ष साहेब ना? उठून राहिलेत का बसून राहिलेत?”

उस्तादांनी त्यांची हनुवटी दोन बोटांनी जरा वर केली, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि सावकाश सांगितलं.

“पळून राहिलेत.”